घागरीच्या पाठचं माणूस

आमच्या गावाला चढून जायच्या वाटा तीन आहेत आणि त्यांतली खरी कोणती, यावर गावाचं आजवर एकमत झालेलं नाही. गंगाखेड सोडून दक्षिणेला निघालं की बालाघाटाचे डोंगर सुरू होतात. तिथल्या एका टेकडीच्या माथ्यावर, दगडी तटाच्या आत, हे गाव बसलेलं आहे. तट यादवांच्या काळातला की बहामनींच्या, यावरही वाद आहे; पण तो वाद घालणारे बाहेरून येतात आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जातात. आमचे वाद मुक्कामी असतात. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण पुढं दोन घरांची गोष्ट येणार आहे आणि दोन्ही घरं माझीच आहेत.

पहिली पायरवाट. एसटी फाट्यावर सोडते, तिथून दगडी पायऱ्या थेट मोठ्या वेशीत जातात. त्या ज्यानं बांधल्या त्याच्या तंगड्या लांब असाव्यात, कारण एक पायरी चढून झाली की दुसरीसाठी नव्यानं मनाची तयारी करावी लागते. दुसरी गाडीवाट. ती टेकडीला वळसा घालून मागच्या अंगानं येते. पूर्वी तिच्यावरून बैलगाड्या यायच्या, आता सिमेंटचा रस्ता झालाय आणि जीप येते. हल्ली सगळे तिनंच येतात आणि सगळे तिला नावं ठेवतात. तिसरी मेंढवाट. ती कुणी बांधलेली नाही, धनगरांच्या मेंढ्यांनी पाडलेली आहे. तरवडाच्या झुडपांतून ती वर चढते आणि तटाच्या मावळतीकडच्या दिंडी दरवाजात शिरते. दिंडी इतकी बुटकी की आत जाताना मोठ्या माणसाला पार वाकावं लागतं. लहानपणी मला तीच वाट आवडायची, कारण तिच्यावर कुणी मोठं माणूस सोबत यायला तयार नसायचं.

आमचं घर गावातल्या देवीच्या पुजाऱ्यांचं. आजोबांच्या पिढीत चुली वेगळ्या झाल्या आणि घराच्या दोन पात्या पडल्या, थोरली आणि धाकटी. थोरल्या पातीत माझे वडील, धाकट्या पातीत त्यांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे काका. वडील परभणीला शाळेत मास्तर झाले आणि निवृत्त होऊनही तिथंच राहिले. काका गावातच शेती बघतात. एरवी दोघांत काही वाकडं नाही, पण नवरात्र जवळ आलं की दोघंही एकदम आपापल्या पातीचे होतात.

कारण नवरात्राची पूजा एक वर्ष थोरल्या पातीकडे, एक वर्ष धाकट्या पातीकडे. घटस्थापनेच्या सकाळी ज्या पातीची पाळी असेल तिच्या माणसानं रिकामी तांब्याची घागर घेऊन टेकडी उतरायची, पायथ्याच्या बारवेत पाणी भरायचं आणि खांद्यावर घेऊन वर देवीपाशी आणायचं. घागर जमिनीला टेकवायची नाही. त्यातलं पाणी वाटेत दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही. ज्या वाटेनं रिकामी घागर उतरली त्या वाटेनं भरलेली चढवायची नाही. आणि हे सगळं नीट होतंय ना, हे बघायला दुसऱ्या पातीचं एक माणूस घागरीच्या मागोमाग चालतं. त्याला पाठचं माणूस म्हणतात. भाऊबंदकीला इतका अधिकृत हुद्दा मी दुसरीकडे कुठं पाहिलेला नाही.

देवीला पाणी पोचेपर्यंत या दोघांनीही पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. वर वेशीत धनगरांच्या घरातली सगळ्यांत वडीलधारी बाई उभी असते. हा मान त्या घराचा. ती पाठच्या माणसाला विचारते, ‘पाणी अखंड आलं का?’ तो ‘अखंड आलं’ म्हणाला की हलगी वाजते. ‘मोडलं’ म्हणाला तर पाळी गेली. मग त्याच दिवशी पाठच्या पातीतल्या, म्हणजे त्या चुलीच्या माणसानं दुसऱ्या वाटेनं नवं पाणी आणायचं आणि त्या वर्षीची पूजा त्या पातीची. शिवाय जो यंदा पाठीमागं चालला, त्यानंच पुढच्या वर्षी घागर उचलायची. ज्या पातीत पाठीमागं चालायला माणूस उरलं नाही, ती पाती बुडाली असं समजतात.

थोरल्या पातीत वडिलांनंतर मी एकटीच. लग्न केलं नाही, परभणीला पहिलीच्या वर्गाला शिकवते. मी घागरीमागं चालावं की नाही, असा प्रश्न कधी कुणाला पडलाच नव्हता. खरं सांगायचं तर मलाही नव्हता पडला. म्हणजे वडिलांचे गुडघे होते तोवर आमची पाती होती.

आणि गुडघे तर गेले होते. गेल्या वर्षी काकांची पाळी होती. बाबा पाठीमागं चालले आणि इतके मागं पडले की काका घागर घेऊन वेशीत पोचले, म्हातारीनं प्रश्न विचारला, आणि उत्तर द्यायला पाठचं माणूसच नाही. सगळं गाव हलग्या बगलेत धरून बाबांची वाट बघत उभं. काकांच्या खांद्यावर भरलेली घागर, खाली ठेवायची सोय नाही. बाबा आले तेव्हा काका फक्त एवढंच म्हणाले, की मास्तर, पुढच्या साली तुझी पाळी हाय, आत्तापासून निघ.

गावानं हसून घेतलं, पण बाबांना ते लागलं. पुढची पाळी आपली शेवटची, हे त्यांनाही दिसत होतं आणि ती त्यांना स्वतःच्या खांद्यावर आणायची होती. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की ते सराव करणार.

आता परभणीत चढायचा सराव करायचा कुठं? आमचं शहर भाकरीसारखं सपाट. दोन दिवस विचार करून बाबांनी चढ शोधून काढला: रेल्वे स्टेशनचा पादचारी पूल. रोज सकाळी आईची स्टीलची कळशी नळाखाली भरायची, खांद्यावर चुंबळ ठेवून तिच्यावर ती घ्यायची आणि पुलाच्या या जिन्यानं चढून त्या जिन्यानं उतरायचं. मास्तर माणूस, त्यामुळे प्लॅटफॉर्म तिकीट न चुकता काढायचे. आईचा राग वेगळाच होता. तिचं म्हणणं, गुडघ्याचं काय व्हायचं ते होवो, पण सकाळच्या पाण्याच्या वेळेला माझी कळशी का?

पहिल्या आठवड्यात ते अर्ध्या जिन्यावरून परत आले. पण महिन्याभरात पूल पार करायला लागले, आणि मग एक नवीनच भानगड झाली. खांद्यावर पाणी घेऊन म्हातारा माणूस पुलावर फिरतोय म्हटल्यावर प्रवाशांना वाटलं, पुण्य कमावणारा कुणी असणार. लोक समोर येऊन ओंजळ धरायला लागले. पहिल्यांदा बाबा गोंधळले, मग दिलं. मग त्यांना त्याची गोडीच लागली. गाडी थांबली की खिडकीतून हाका यायच्या. ओंजळ दिसली की बाबांचा खांदा आपोआप कलायचा आणि पाण्याची धार बरोबर ओंजळीत पडायची, थेंब बाहेर नाही. घरी येऊन सांगायचे, आज नांदेडकडच्या एका बाईनं दोनदा मागून घेतलं. एकदा मी सोबत गेले होते. इतका खूश झालेला माझा बाप मी बऱ्याच वर्षांनी पाहत होते. मी आईला म्हटलं, राहू दे, कळशी मी नवीन आणते.

नवरात्राच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं निघालो. गंगाखेडला एसटी बदलायची होती, तिथं मी स्टँडसमोर पुरीभाजी दाबून खाल्ली. आईबाबांनी बाहेरचं खायचं नाही म्हणून काही घेतलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, असं तेव्हा अर्थातच मला वाटलं नव्हतं.

गावातलं आमचं घर वर्षभर बंद असतं. आईनं आल्या आल्या शेगडी पेटवायला घेतली, तर गॅसची नळी उंदरानं कुरतडलेली. नवी नळी आणायला खाली कोण जाणार? तेवढ्यात काकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोनं, तिघांची ताटं पाठवून दिली. पिठलं, भाकरी, ठेचा, वर कांदा. आईला ते मुळीच आवडलं नाही. ती म्हणाली,

“उद्या म्हणतील, आमच्या घरचं खाल्लं.”

असं म्हणून तिनं दोन भाकरी खाल्ल्या. बाबांनी तीन खाल्ल्या. माझं पोट पुरीभाजीनं गच्च होतं, मी ताटाला हात न लावता माळवदावर जाऊन पडले. माझं ताट तसंच काकूंकडे परत गेलं.

सकाळी बाबा अंघोळ करून सोवळं नेसून निघाले तेव्हा आईनं त्यांच्या गुडघ्यांना तेल लावलं आणि गुडघ्यांकडे बघूनच नमस्कार केला. रिकामी घागर घेऊन ते गाडीवाटेनं उतरले. पाठीमागं काका, पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळाला अष्टगंध. त्यांच्यामागं बरंच अंतर ठेवून मी, कारण बाबा पडले तर उचलायला कुणीतरी पाहिजे, असं आईनं ठरवलं होतं. मला दोघांच्यामध्ये यायची परवानगी नव्हती. खाली बारवेत बाबांनी घागर भरली, खांद्यावर घेतली, आणि पायरवाटेला लागले.

आणि खरंच सांगते, ते चढले. नुसते चढले नाहीत, रेल्वेचा पूल चढावा तसे बेतानं आणि तालात चढले. दर पायरीला आधी डावा पाय, मग उजवा जवळ, मग श्वास. खाली बारव लहान होत गेली, दूरवर गोदावरीकडच्या उसाची हिरवी पट्टी दिसायला लागली. मी मनात म्हणत होते, आता गावानं बघावं. अर्ध्यावर मारुतीचा टप्पा आहे, तिथं पायऱ्या थोड्या रुंद आहेत. तिथं बाबा घागर खांद्यावर तशीच धरून दम खायला उभे राहिले.

मागं पडले होते ते काका. त्यांच्या धोतराचा ओचा घामानं चिकटला होता. त्यांना शुगर आहे. नंतर कळलं, की रोजच्या सवयीनं त्यांनी सकाळी उपाशीपोटी शुगरची गोळी घेतली होती, उपवास आहे हे विसरून. ते टप्प्यावर पोचले आणि पायरीवर मटकन बसले. डोळे उघडे होते, पण ते कशाकडे बघत नव्हते. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि ओंजळ धरली.

बाबा वळले. त्यांनी ओंजळ पाहिली. त्यांचा खांदा कलला आणि पाण्याची धार बरोबर काकांच्या ओंजळीत पडली, थेंब बाहेर नाही. काका प्याले. पुन्हा ओंजळ धरली, बाबांनी पुन्हा दिलं. काय होतंय ते दोघांनाही कळत नव्हतं. मला कळत होतं, कारण मी लांब होते, आणि लांब असल्यामुळेच मला काही करता येत नव्हतं.

धावत वर पोचले तेव्हा काकांच्या डोळ्यांत ओळख आली होती. ते ओल्या हातांकडे बघत होते.

“मास्तर, हे काय केलंस?”

“तू ओंजळ धरलीस.”

“मी धरली. मला शुद्ध न्हवती. तू कशाला दिलंस?”

“समोर ओंजळ आल्यावर काय करू मी?”

माझ्या पर्समध्ये वर्गातल्या पोरांसाठी नारंगी गोळ्या असतात. त्यातल्या तीन मी काकांच्या तोंडात कोंबल्या. उपवास तर मोडलाच होता. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला आणि तो आल्यावर मी माझ्या मते अगदी शहाणपणाचं बोलले. म्हटलं, आपण तिघांशिवाय कुणी पाहिलेलं नाही, घागरीत पाणी भरपूर आहे आणि आपण तिघंही घरचेच आहोत. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते परीक्षेत शेजारच्या पेपरात डोकावणाऱ्या पोराकडे पाहायचे. काकांनी कुणाकडेच पाहिलं नाही. टोपी सारखी केली, उठले आणि बाबांच्या मागं आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. बाबा चढायला लागले.

उरलेली वाट मी कशी चढले ते मला आठवत नाही. एकच विचार डोक्यात होता: काका काय सांगणार? ‘मोडलं’ म्हणाले तर बाबांची शेवटची पाळी त्यांच्याकडे जाणार, आणि ती जावी अशी त्यांची इच्छा आहे, असं आई वर्षभर सांगत आली होती. पाणी पिणारेही तेच आणि निकाल देणारेही तेच. माझा तर आधीच काकांवर राग जमायला लागला होता, त्यांनी अजून तोंडही उघडलेलं नसताना.

वेशीत सगळं गाव होतं. आई आरतीचं ताट घेऊन पुढं उभी होती. बाबा स्वतःच्या पायांनी, वेळेवर, घागरीसकट आलेले बघून तिचे डोळे भरून आले. धनगराघरची म्हातारी काठी टेकत पुढं झाली. तिनं काकांना विचारलं,

“पाणी अखंड आलं का?”

काकांनी टोपी काढून हातात घेतली.

“मोडलं. मी पेलो.”

हलगी वाजवायला उचललेला हात तसाच राहिला. आईनं ताट खाली घेतलं. बाबा भरलेली घागर खांद्यावर घेऊन तसेच उभे, कारण ती कुठं ठेवायची हे कुणी सांगितलं नव्हतं आणि जमिनीवर तर ठेवता येत नव्हती. मला रडू आलं. राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटलं, की इतके दिवस पूल चढणाऱ्या माणसाचं असं व्हावं आणि तेसुद्धा कुणाला तरी पाणी दिलं म्हणून.

काकांनी सगळं सांगितलं. गोळी, चक्कर, ओंजळ, काही लपवलं नाही. मग म्हणाले, पाळी आता धाकट्या पातीची झाली, आमच्याच चुलीच्या माणसानं नवं पाणी आणायचं, बरोबर? लोक म्हणाले, बरोबर. काका म्हणाले, माझ्यानं चढवत नाही, पोरगं पुण्याला हाय, तवा पाणी मास्तर आणंल.

गावात लगेच कुजबूज झाली. कुणीतरी मागून म्हणालंच, मास्तर थोरल्या पातीचा, चुली वेगळ्या आहेत की तुमच्या. काका त्याचीच वाट बघत असावेत.

“काल रातीला मास्तर कुणाच्या चुलीचं जेवला? इच्यारा वहिनीला.”

सगळ्या गावाच्या नजरा आईकडे वळल्या. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग घागरीकडे, मग बाबांच्या गुडघ्यांकडे. तिच्या आयुष्यात इतकं अवघड उत्तर तिनं दिलेलं नसेल. तिनं सांगितलं, की यांच्याकडचं पिठलं आणि भाकरी आम्ही दोघांनी खाल्ली, आणि मग आपणहून जोडलं, की ठेचापण खाल्ला.

“चुलीचं खाल्लं म्हंजी चुलीचा,” म्हातारी म्हणाली. “पर मग पाठचं माणूस कोण? थोरल्या पातीचं पायजे.”

हे मात्र काकांनी ठरवलेलं नव्हतं. बाबा जेवलेले, आई जेवलेली. मग गर्दीतून काकूंचा आवाज आला. आवाजात आदल्या संध्याकाळचा रुसवा अजून शिल्लक होता. त्या म्हणाल्या, पोरगी जेवली न्हाई आमच्याकडं, ताट जसंच्या तसं परत आलं.

अशा तऱ्हेनं, गंगाखेडच्या पुरीभाजीच्या कृपेनं, त्या सकाळी थोरल्या पातीत मी एकटीच उरले. कुणीतरी बाईमाणूस म्हणून काही बोलायला लागलं होतं. म्हातारीनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि तिची नजर माझ्या पायांवर थांबली.

“चपला काढ,” ती म्हणाली.

मोडलेलं पाणी वेशीतल्या पिंपळाला घातलं. पायरवाट त्या दिवसापुरती बंद झाली. रिकामी घागर मांडीवर घेऊन बाबा जीपमध्ये बसले, मी मागं. रिकामी घागर गाडीत बसवावी की नाही यावर वाद सुरू झाला होता, पण काकांनी ड्रायव्हरला हात केला आणि तो निघालाच. जीप गाडीवाटेनं उतरली. म्हणजे चढायला एकच वाट राहिली होती, आणि ती मेंढवाट होती.

बारवेत दुसऱ्यांदा घागर भरताना बाबा म्हणाले, तुला जमेल ना गं? गुडघे त्यांचे, घागर त्यांच्या खांद्यावर, आणि विचारत होते मला. मी म्हटलं, तुम्ही पुढं बघा.

मेंढवाटेवर तालबिल काही चालत नाही. तिथं पाय ठेवायची जागा वाटच ठरवते. बाबा कधी आडवे चालत होते, कधी उभे, कधी नुसतेच थांबत होते. घागर हिंदकळली की माझा जीव गोळा व्हायचा. अनवाणी पायांत सराटे घुसत होते, घशाला कोरड पडली होती, आणि तरी मला लहानपणासारखी मजाही येत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. शेळ्या घेऊन उतरणारी एक धनगरीण आम्हाला बघून बाजूला झाली. तिच्या शेळ्या मात्र झाल्या नाहीत. आम्हालाच त्यांच्यातून वाट काढावी लागली.

शेवटी दिंडी आली. आणि तेव्हा मला कळलं, की खरा चढ हा आहे. दिंडी बुटकी, खांद्यावर घागर घेऊन आत जाता येत नाही. वाकायचं म्हणजे गुडघे मुडपायचे, आणि बाबांचे गुडघे दहा वर्षांत इतके मुडपले नव्हते. पुलाच्या जिन्यावर याचा सराव झालेला नव्हता. त्यांनी घागर खांद्यावरून काढून छातीशी धरली, लहान मूल धरावं तशी. खाली वाकले, एक पाय आत टाकला आणि तिथंच थांबले. पुढं जाता येईना, मागं येता येईना. पलीकडे उंबऱ्यापाशी लोकांचे पाय दिसत होते. घागरीचं बूड जमिनीपासून वीतभर राहिलं होतं.

पाठच्या माणसानं घागरीला हात लावायचा नाही. घागर धरलेल्या माणसाला लावायचा नाही, असं मात्र कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. मी खाली बसले, बाबांच्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा भार माझ्यावर घेतला. त्यांच्या पाठीचा घाम माझ्या गालाला लागला. मी म्हटलं, बाबा, डावा आधी. त्यांनी डावा टाकला. मग उजवा जवळ. मग श्वास. आणि आम्ही दोघं जवळजवळ एकाच वेळी दिंडीतून पलीकडे निघालो.

बाबा सरळ झाले. घागर छातीशीच होती. म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं तोच प्रश्न विचारला, त्याच आवाजात, जसा ती काकांना विचारते, जसा तिच्या सासूनं माझ्या आजोबांना विचारला असणार. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते लेकीकडे पाहणं नव्हतं. पाठच्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी पाहिलं, जरा काळजीनं.

“अखंड आलं,” मी म्हणाले.

हलगी अशी वाजली की तटावरची पाखरं उडाली. आई आणि काकू एकाच ताटानं ओवाळायला लागल्या आणि दोघींच्याही ते लक्षात आलं नाही. काका गर्दीत मागं उभे राहून डोळे पुसत होते आणि शेजारच्याला सांगत होते, की गोळीमुळं डोळ्याला पाणी येतं. पूजा धाकट्या पातीची झाली. नऊ दिवस काका पूजेला बसले आणि नऊ दिवस बाबा त्यांच्या शेजारी बसून मंत्रांत चुका काढत राहिले. जेवण एकाच चुलीवर होत होतं. आमच्या शेगडीला नळी आणायची आठवण आईला झालीच नाही.

जो पाठीमागं चालला त्यानं पुढच्या वर्षी घागर उचलायची. नियम जुना आहे, तो माझ्यासाठी कुणी बदलला नाही, आणि बदलू नका असं सगळ्यांत मोठ्यानं सांगणारे काका होते. त्यामुळे सध्या शाळेच्या आधी मी रोज सकाळी कळशी घेऊन परभणी स्टेशनच्या पुलावर असते. बाबा काठी घेऊन मागून येतात. काका तपासणीसाठी परभणीला आले की तेही येतात, पुढच्या वर्षी पाठीमागं चालायचंय म्हणून, आणि येताना नाष्टा करून येतात.

परवा जिन्याच्या मधोमध एक म्हातारा समोर आला. डोक्यावर गाठोडं, नुकताच गाडीतून उतरलेला. त्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि माझ्यापुढं ओंजळ धरली. मी थबकले. खांदा कलवावा की नाही, मला ठरवता येईना. खालच्या पायरीवरून बाबांचा आवाज आला.

“दे, दे. इथं द्यायचं. डोंगरावर तेवढा हात आवर.”

मी कळशी कलती केली. निम्मं पाणी ओंजळीत पडलं, निम्मं त्याच्या धोतरावर. बाबा म्हणाले, अजून वर्ष आहे.